घरात तीन तऱ्हेचं पाणी, भिंतीवर एकच फिल्टर

मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंकडे फिल्टर विकणारा एक पोरगा आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक. त्याने दोन काचेचे ग्लास मागून घेतले. एकात काकूंच्या बोअरचं पाणी ओतलं, दुसऱ्यात स्वतः बाटलीतून आणलेलं ‘आरो’चं. मग सॅकमधून दांड्यांचं एक यंत्र काढलं, दोन्ही ग्लासांत दांड्या सोडल्या आणि बटण दाबलं. मिनिटाभरात बोअरच्या ग्लासात गंजासारखा तांबडा साका धरला. आरोचा ग्लास होता तसाच. काकूंनी भिंतीवरून मला हाक मारली, “सर, बघा हो, एवढं घाण पाणी पेलो का आपण इतके दिवस?”

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे असल्या हाका मला येतात. त्या दांड्यांत एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, आणि वीज वाहिली की लोखंड झिजून त्याचा गंज पाण्यात उतरतो. ती घाण पाण्यातली नव्हती, दांडीची होती. आरोच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीजच वाहत नाही आणि गंजही सुटत नाही. मी काकूंकडून मीठ मागून घेतलं, चिमूटभर त्या स्वच्छ ग्लासात टाकलं आणि म्हटलं, आता दाब बटण. तोही ग्लास तांबडा झाला. पोरगा ओशाळून म्हणाला, “सर, आम्हाला ट्रेनिंगमध्ये असंच शिकवलंय.” खरंच शिकवलं असणार.

पण त्याचं सोंग उघडं पडलं म्हणून काकूंचं पाणी चांगलं ठरत नाही. ते चांगलं की वाईट, हे त्या दांड्या सांगूच शकत नाहीत. आजकाल घरोघरी आलेलं पेनासारखं टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरही अर्धंच सांगतं. ते मोजतं पाण्यातून वीज किती वाहते ते, आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतं. घरी करून बघा: ग्लासभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, मीटरचा आकडा जवळपास हलत नाही. चिमूटभर मीठ टाका, आकडा उडी मारतो. कॉलराचे कोट्यवधी जंतू टाकले तरी मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे टीडीएस १५० असलेलं पाणी पिऊन माणूस दवाखान्यात जाऊ शकतो आणि ९०० चं पिऊन धडधाकट राहू शकतो.

पाण्यातल्या नको असलेल्या गोष्टी एका मापाच्या नसतात, सगळा घोळ इथेच होतो. जुलाबाचा एक जंतू साधारण १ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो आपण ज्वारीच्या दाण्याएवढा धरू. त्याच मापाने आमांशाच्या अमीबाची गाठ लिंबाएवढी होते. डोक्यावरचा केस घागरीएवढा जाड होतो. काविळीचा विषाणू पिठाच्या कणाएवढा. आणि पाण्यात विरघळलेलं मीठ, फ्लोराइड, नायट्रेट? ते या मापातही डोळ्याला दिसणार नाही. आता सांगा, एकाच चाळणीने घागर, लिंबू, ज्वारी, पीठ आणि न दिसणारं असं सगळं कसं अडेल?

आपल्या आज्या पाणी साडीच्या पदराने गाळायच्या, त्यात तथ्य होतं. नारूचा रोग, म्हणजे अंगावरच्या फोडातून दोऱ्यासारखा जंत बाहेर पडायचा तो, ज्या पाण्यातून यायचा, त्यात सायक्लोप्स नावाचा बारीक पाणकिडा असायचा. तो मिलिमीटरभर, म्हणजे आपल्या मापात अख्खी बैलगाडी. ती कापडात अडणारच. पायऱ्यांच्या बारवेत लोक घोट्याएवढ्या पाण्यात उतरायचे, नारूच्या फोडातून अळ्या पाण्यात सुटायच्या आणि सायक्लोप्स त्या गिळायचा; तो पाण्याबरोबर पोटात गेला की पुन्हा नारू. पायऱ्या बंद करणं, पाणी गाळणं, पाण्यात औषध टाकणं, हापसे बसवणं, असल्या साध्या कामांनी हा रोग गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पुढे बांगलादेशात रीटा कोलवेल यांच्या गटाने जुनी सुती साडी चार घड्या करून पाणी गाळायला लावलं. २००३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: कॉलरा निम्म्याच्या आसपास कमी झाला. कॉलऱ्याचा सुटा जंतू साडीतून सहज जातो, पण तो बहुतेक वेळा बारीक पाणजीवांना चिकटून असतो, आणि ते पाणजीव अडतात. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन सूत फुलतं आणि भोकं बारीक होतात. पण निम्मा कमी म्हणजे निम्मा उरला, हेही त्यातच आलं.

हापशाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. देशभर गावोगाव जो इंडिया मार्क टू हापसा दिसतो, त्याचं मूळ आपल्या जालन्यात आहे. तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी साठच्या दशकात पूर्ण पोलादी हापसा बनवला. त्यावरून सोलापूर पंप आला आणि सत्तरच्या दशकात त्यावरून मार्क टू. पाण्याच्या बाबतीत मराठवाड्याचं नाव फक्त टँकरसाठी निघतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता मुख्य गोष्ट. मुंबई-पुण्याच्या माणसाला फिल्टर निवडणं सोपं आहे, कारण त्याच्या नळाला बारा महिने धरणाचंच पाणी येतं. आमच्या घरात वर्षभरात तीन तऱ्हेचं पाणी येतं. पावसाळ्यात नळाचं किंवा विहिरीचं गढूळ, दिवाळीनंतर बोअरचं जड, आणि मार्चपासून टँकरचं, जे कुठलं ते टँकरवाल्यालाच ठाऊक. तिघांचा आजार वेगळा, तर औषध एक कसं चालेल?

पावसाळ्याच्या पाण्यात माती असते आणि मातीआड जंतू असतात. काळ्या मातीचे बारीक कण दोन दोन दिवस खाली बसत नाहीत, कारण सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना ढकलत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, कण एकमेकांना धरतात, गोळे होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. तुरटीचा खडा हंड्यात काही वेळा फिरवायचा आणि काढून घ्यायचा; आत टाकून विसरायचा नाही. अर्ध्या-एक तासाने वरचं निवळ पाणी न ढवळता दुसऱ्या भांड्यात घ्यायचं.

पण निवळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. त्यानंतर क्लोरीन, आणि हा क्रम उलटा करायचा नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकलं तर ते मातीतल्या घाणीवरच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. गावात ज्याला टीसीएल म्हणतात त्या ब्लिचिंग पावडरीत चांगल्या ताज्या मालात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, आणि १००० लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅम पावडर पुरते. तीन मीटर रुंद आडात चार मीटर पाणी असेल तर ते झालं सुमारे २८ हजार लिटर. म्हणजे ७० ग्रॅम पावडर, पाणी मळकट असेल तर थोडी जास्त. पावडर सरळ आडात भिरकवायची नाही. बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळ आडात सोडायची. मग निदान अर्धा तास पाण्याला हात लावायचा नाही. आमच्या गावात मी दोन्ही टोकं पाहिलीत: एकदा अख्खा डबा ओतला, पाण्याला डोळे चुरचुरतील असा वास आला आणि बाया दोन दिवस शेतातल्या विहिरीवर गेल्या. त्यानंतर महिनाभर काहीच टाकलं नाही. पावडरीचं पोतं पंचायतीच्या खोलीत तोंड उघडं ठेवून पडलं होतं. उघड्या पावडरीतलं क्लोरीन उडून जातं आणि मागे नुसता चुना राहतो.

पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायला ओटी टेस्ट असते. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. हे काम गावच्या जलसुरक्षकाचं. त्याला हटकून विचारायला लाजू नये.

आता बोअर. आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांत साठतं, आणि जितकं खोल व जुनं, तितके त्यात क्षार जास्त मुरलेले. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पांढरी पुटं गिझरच्या कॉइलवर चढतात, ती या जडपणाने. वैताग मोठा, पण यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने शरीराला मोठा अपाय होतो असं दिसलेलं नाही. “बोअरच्या पाण्याने मुतखडा होतो” हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक घरात ऐकू येतं. खड्याचं मोठं कारण म्हणजे चाळीस-बेचाळीस अंशांत दिवसभर रानात राबून पाणी कमी पिणं. पाणी मचूळ लागतं म्हणून माणूस ते कमी पितो, एवढा त्यात बोअरचा वाटा.

बोअरमध्ये खरी भीती दोघांची, आणि दोघांनाही ना रंग, ना वास, ना चव. पहिलं नायट्रेट. उकिरडा, गोठा, शोषखड्डा आणि शेतातला युरिया यांच्यातून ते झिरपतं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही हद्द, आणि तिला सवलत नाही. टीडीएसला आहे: ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट सगळ्यात वाईट ते सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळाला. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि बाळ निळसर पडतं. दुसरं फ्लोराइड. ते जास्त करून ग्रॅनाइटच्या खडकात असतं. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, किनवटच्या बाजूला, काळा पाषाण संपून तो खडक लागतो आणि तिथल्या काही गावांत पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. हद्द १ मिलिग्रॅम, फार तर १.५. वर्षानुवर्षं जास्त गेलं की हाडं-सांधे आखडतात.

आणि इथे आपला सगळ्यात जुना सल्ला उलटा पडतो. “पाणी उकळून प्या.” जंतूंसाठी उकळण्यासारखं औषध नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. पण नायट्रेट आणि फ्लोराइड वाफेबरोबर उडत नाहीत, पाणी उडतं. दहा लिटर उकळून आठ लिटर उरलं तर १.६ चं फ्लोराइड २ होतं. बाळाच्या दुधासाठी बोअरचं पाणी आटवून आटवून उकळणारी आई त्याला जास्त नायट्रेट पाजते. कुणी नीट सांगितलेलंच नसतं, तर तिची काय चूक?

नायट्रेट आणि फ्लोराइडला साडी अडवत नाही, फिल्टरची कॅन्डल अडवत नाही, जंतू मारणारा यूव्हीचा दिवा अडवत नाही. इथे आरो लागतो. आरो समजायला लोणचं आठवा. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. फोडीच्या पातळ पडद्यातून पाणी खारट बाजूला धावतं, हा निसर्गाचा नियम. आरोत तो नियम जोर लावून उलटवतात. खारट बाजूने पंपाने इतका दाब द्यायचा की पाणी पडद्यातून गोड्या बाजूला येतं आणि क्षार मागे राहतात. असा पडदा पहिल्यांदा नीट जमवणाऱ्या दोघांपैकी एक आपले श्रीनिवास सौरिराजन. अमेरिकेत, सिडनी लोब यांच्याबरोबर, १९६० च्या सुमारास.

मागे राहिलेले क्षार वाहून न्यायलाही पाणीच लागतं, आणि ते आपल्याला परवडत नाही. साधं घरगुती मशीन एक लिटर गोडं पाणी देताना तीनेक लिटर मोरीत सोडतं. पिण्या-रांधण्याला रोज २० लिटर धरा: ६० लिटर वाया, महिन्याला १८०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची नऊ बॅरल. मे महिन्यात एका बॅरलला काय मोजतो हे ज्याचं त्याला माहीत. ते वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला, संडासाला, भांड्यांच्या पहिल्या हाताला वापरा. तुळशीला रोज घालू नका. १२०० टीडीएसचं पाणी मशीनमधून गेलं की बाहेर पडणारं १६०० च्या घरात असतं. पाणी असं वाया जातं म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरो वापरू देऊ नये, असं सांगितलं होतं. नळाला धरणाचं पाणी येत असताना आरो चालवणं म्हणजे निवडलेले गहू पुन्हा निवडायचे आणि दर चार मुठींमागे तीन फेकायच्या.

मशीनवाल्याला एक प्रश्न नक्की विचारा: यात टीडीएस कंट्रोलर आहे का, आणि तो काय करतो? बहुतेक मशीनमध्ये तो एक छोटा स्क्रू असतो. पाणी फार सपक लागू नये म्हणून तो पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी गोड्या पाण्यात मिसळतो. गोडी येते. पण बोअरात नायट्रेट-फ्लोराइड असेल तर तेही त्याच वाटेने परत ग्लासात येतं. ज्यासाठी पैसे मोजले तेच मागच्या दाराने आत. अशा पाण्याला तो स्क्रू बंदच हवा.

टँकरचं पाणी म्हणजे दोन्ही शंका एकत्र. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं ते सगळ्या देशाने पाहिलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सगळं मिळून पाच लाख लिटर. पण त्यानंतर ते पाणी टँकरमध्ये, टँकरमधून बॅरलमध्ये आणि बॅरलमधून घागरीत किती हातांतून गेलं, ते कुणी पाहिलं नाही. टँकरचा पाइप रस्त्यावर घासत येतो आणि तोच बॅरलमध्ये बुडतो. टँकरच्या पाण्याला उकळी किंवा क्लोरीन, दोन्हीपैकी एक हवंच, मीटर काहीही दाखवो.

आणि जार. लग्नात, दुकानात, शाळेतसुद्धा तो थंडगार वीस लिटरचा जार. त्यातलं बरंच पाणी आरोचं असतं, पण आरोचं पाणी क्लोरीनशिवाय असतं, म्हणजे राखणदार नसलेलं घर. जार नीट धुतला नाही, झाकण हाताने लावलं, की आत गेलेला जंतू निवांत वाढतो. थंडपणाने चव लपते, एवढंच. जारच्या तोटीच्या आत बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर त्या जारवाल्याला दुसऱ्यांदा बोलावू नका.

घरच्या कार्बन फिल्टरचंही तसंच. नारळाच्या करवंटीचा कोळसा क्लोरीनचा वास ओढून घेतो, आणि वासाबरोबर राखणही जाते. म्हणून फिल्टरचं पाणी चार दिवस साठवू नये. नळ आठ-दहा दिवसांनी येत असेल तर साठवायचं ते क्लोरीनचं पाणी, आणि गाळायचं रोजच्यापुरतं. माठाला तोटी किंवा लांब दांड्याचं ओगराळं. तांब्यासकट हात बुडवायची सवय सगळ्या फिल्टरांवर पाणी फिरवते.

आमच्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी ऊसतोडीला माणसं जातात, त्यांच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, ना वीज असते ना भिंत. माझ्या वर्गातली पोरंही जातात, दिवाळीनंतर बाकं रिकामी होतात. त्यांना मी दोन गोष्टी देतो. एक क्लोरीनच्या गोळ्या. एक गोळी किती लिटरला ते पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. दुसरी युक्ती फुकटची: पारदर्शक प्लास्टिकची दोन लिटरपर्यंतची बाटली, लेबल काढलेली, निवळ पाण्याने भरून कडक उन्हात आडवी, सहा तास. आभाळ असेल तर दोन दिवस. उन्हातले अतिनील किरण जंतू मारतात. ऊन तरी आपल्या लोकांच्या वाट्याला भरपूर येतं. दुकानात मिळणारी नळीसारखी गाळणी, जिने थेट ओढ्यातलं पाणी पिता येतं, ती ज्वारीचे दाणे अडवते, बहुतेक वेळा पीठ अडवत नाही आणि मीठ तर नाहीच.

काकूंना मी फिल्टर घ्या म्हटलं नाही, घेऊ नका असंही नाही. बोअरचं पाणी एकदा तपासायला द्या म्हटलं. सरकारी प्रयोगशाळा लोकांचं पाणी तपासून देतात. क्षारांसाठी लिटरभराची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा खळाळून भरायची. जंतूंसाठी बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणायची आणि ती खळाळायची नाही, कारण तिच्यात क्लोरीन मारायचं औषध आधीच घातलेलं असतं. बर्फात ठेवून चोवीस तासांत पोचवायची.

गेल्या सोमवारी काकूंचा मुलगा दुधाच्या थर्मासमध्ये बर्फ भरून एसटीने गेला. कंडक्टरने विचारलं, काय आहे रे यात, तर म्हणाला, आमचा बोअर आहे. रिपोर्ट यायचा आहे. त्या विकणाऱ्या पोराचा दोनदा फोन येऊन गेला, काकू त्याला सांगतात, “कागद येऊ दे, मग बघू तुझं मशीन.”